दोघांची नोकरी आणि घरातलं बोलणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघंही बावीस वर्षं नोकरी करतोय. मी हिशेबतपासणीत, नवरा कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये. खालचे प्रश्न मैत्रिणींनी, भावांनी, ऑफिसातल्या नुकतंच लग्न झालेल्या पोरांनी वेळोवेळी विचारलेले आहेत. काही आम्ही एकमेकांनाच विचारलेले. जिथे संशोधन ठाऊक आहे तिथे ते सांगितलंय, बाकी अनुभव आणि थोडा आगाऊपणा.

ऑफिस दाराबाहेर ठेवायचं, घरात विषयच काढायचा नाही, हा नियम चांगला नाही का?

ऐकायला चांगला आहे. तो खरंच पाळणारी जोडपी मला दोन-तीनच भेटली. त्यातल्या एकीला नवऱ्याचा विभाग बदलल्याचं चार महिन्यांनी कळलं, तेही त्याच्या सहकाऱ्याच्या बायकोकडून.

जागेपणीचे एवढे तास माणूस जिथे घालवतो तिथलं काहीच घरी आणायचं नाही म्हटलं, तर बोलायला उरतं काय? बिलं, मुलांचा अभ्यास आणि नातेवाईक.

नियमामागचा हेतू मात्र खरा आहे. साबिने झोनेनटाग या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंचं बरंचसं संशोधन याच विषयावर आहे: कामाची वेळ संपल्यावर मन कामातून सुटलं तर थकवा भरून निघतो, नाही सुटलं तर साचत जातो. पण तोंड मिटलं म्हणजे मन सुटलं असं होत नाही. सोफ्यावर गप्प बसून मनातल्या मनात साहेबाशी भांडणारा माणूस अजून ऑफिसातच असतो. दहा मिनिटं बोलून विषय संपवणारा त्याच्याआधी घरी पोचतो.

"आजचा दिवस कसा गेला?" विचारलं की "ठीक" एवढंच उत्तर येतं. पुढे काय विचारायचं?

प्रश्नच एवढा मोठा आहे, की उत्तर छोटंच येणार. अख्ख्या दिवसाचा गोषवारा बूट काढता-काढता कोण देईल? नेमकं विचारा. "ती मीटिंग झाली का शेवटी?" "तो नवीन मुलगा आज तरी वेळेवर आला का?" असा प्रश्न विचारायला काल काय ऐकलं ते लक्षात असावं लागतं, आणि समोरच्याला उत्तरापेक्षा त्याचंच बरं वाटतं. नावं लक्षात राहिली नाहीत तरी बिघडत नाही. माझा नवरा अजून "तुझी ती फाइल हरवणारी बाई" असंच म्हणतो. मला कळतं कोण ते.

मी काही सांगायला लागले, की हा तिसऱ्या वाक्याला उपाय सुचवतो. मला उपाय नको असतो. कसं सांगू?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. बहुतेक बायका नवऱ्यांबद्दल विचारतात, म्हणून ही पुरुषांचीच खोड आहे असं वाटतं. आमच्या घरात ती मला आहे.

एकदा रात्रपाळीत मशीन बंद पडलं आणि त्याचं खापर नवऱ्यावर फुटलं. तो सांगत होता, आणि मी मध्येच, "मग तू आधीच मेल का नाही केलास?" तो म्हणाला, "केला होता." आणि उठून गेला. पुढची गोष्ट मला कधीच कळली नाही. तो मेल कुणी उघडलाच नव्हता का, दुसऱ्या दिवशी काय झालं, सगळं विचारायचं राहिलं. नंतर विचारायची लाज वाटली.

जी गोष्ट समोरचा माणूस आठ तास डोक्यात घोळवत आलाय, तिच्यावर आपण तीन मिनिटांत तोडगा काढतो. तोडगा बरोबर असेलही. पण ऐकणाऱ्याला त्यात "एवढं साधं तुला सुचलं नाही?" हेच ऐकू येतं.

निअल बोल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० सालचा एक अभ्यास मला यासाठी फार आवडतो. न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला बसणारे उमेदवार आणि त्यांचे जोडीदार, दोघांनीही रोज वेगवेगळी डायरी भरायची: आज आधार दिला का, आज आधार मिळाला का. ज्या दिवशी जोडीदाराने "दिला" लिहिलं होतं पण उमेदवाराच्या लक्षातच आलं नव्हतं, अशा दिवसांनंतर उमेदवाराचं मन जास्त सावरलेलं दिसलं. जो आधार ठळकपणे जाणवला, त्याचा भार पण झाला. मदत घेतोय हे कळलं, की आपण कमी पडतोय हेही कळतं. म्हणून काही न बोलता त्याच्या वाटणीचं एखादं काम उरकून टाकणं हे पुष्कळदा सल्ल्याहून मोठं असतं.

व्यवहारात काय करायचं? सांगणाऱ्याने सुरुवातीलाच सांगावं: "नुसतं ऐक हं" किंवा "मला सांग काय करू ते". मनकवडेपणाची अपेक्षा ठेवायची आणि तो चुकला की रुसायचं, यात चूक दोघांची. ऐकणाऱ्याला राहवतच नसेल तर गोष्ट संपेपर्यंत थांबावं आणि मग विचारावं, "तू काय ठरवलंयस?" दहातल्या सात वेळा त्याने काहीतरी ठरवलेलं असतंच. (हा सातचा आकडा माझा, कुठल्या अभ्यासातला नाही.)

तो घरी आल्यावर तासभर कुणाशी बोलत नाही. रागावलाय की काय, कळतच नाही.

बहुधा रागावलेला नसतो. रेना रेपेटी यांनी १९८९ मध्ये विमानतळावरच्या हवाई वाहतूक नियंत्रकांचा अभ्यास केला होता. क्षणभर लक्ष हटलं तर शेकडो जीव धोक्यात, असं ते काम. ज्या दिवशी विमानांची गर्दी जास्त, त्या संध्याकाळी ते घरात जास्त गप्प आणि अलिप्त राहिले, आणि रागाचा उद्रेकही कमी झाला. गप्प राहून ते स्वतःला थंड करत होते. जोडीदाराने त्या वेळेत समजून घेतलं, की हे सोपं जात होतं.

तेव्हा तो तास द्यावा. पण तासाला शेवट असायला हवा, आणि तो माणसाने स्वतः सांगायला हवा: "अर्धा तास दे, मग बोलतो." एवढ्या एका वाक्याने पलीकडच्याच्या डोक्यातले सतरा तर्क थांबतात. न सांगता रोज तीन तास गप्प राहणारा माणूस विसावा घेत नाहीये, तो भिंत बांधतोय.

अडचण तेव्हा, जेव्हा दोघंही तसेच दमून येतात आणि दारात मूल उभं असतं. मग तास वाटून घ्यावा लागतो. आमच्याकडे जो उशिरा पोचेल त्याला आधी सूट. हा न्याय काही फार शास्त्रशुद्ध नाही. पण ठरलेला आहे, आणि ठरलेला असणं जास्त उपयोगी पडतं.

रोज तेच दळण. तीच माणसं, तोच अन्याय. ऐकून कान किटलेत. थांबव म्हटलं तर "तुला माझी पर्वाच नाही".

अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीत एक गोष्ट टिपली. एकच अडचण पुन्हापुन्हा चघळत बसणाऱ्या मैत्रिणी एकमेकींच्या जास्त जवळ होत्या आणि त्यांच्यात उदासी आणि चिंताही जास्त होती. म्हणजे दळणाने जवळीक मिळते, म्हणून तर ते सुटत नाही. नवरा-बायकोतही हेच चालत असावं असं मला आमच्याकडे पाहून वाटतं. एकत्र मिळून ऑफिसला शिव्या घालण्यात एक मजा असते आणि झोपताना डोकं जड झालेलं असतं.

दळण आणि मन मोकळं करणं यांतला फरक ओळखायची माझी पद्धत साधी आहे. गोष्ट कालपेक्षा पुढे सरकली का? सरकली असेल तर कितीही वेळा ऐकावी. तिथेच फिरत असेल, तर प्रेमाने विचारावं, "कालपासून नवीन काय झालं?" पहिल्यांदा राग येईल. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सांगणाराच म्हणतो, "नवीन काही नाही, तेच आपलं."

एक मैत्रीण आणि तिचा नवरा वेळ लावतात. मोबाइलवर पंधरा मिनिटं, त्यात पाहिजे तेवढा पाढा वाचा, वाजलं की विषय बंद. मला हे जरा शाळेसारखं वाटतं, पण त्यांचं सात वर्षं चाललंय.

आणि जे दळण महिनोन्महिने संपत नाही, ते खरं तर एक निर्णय लांबवत असतं. तो निर्णय काय आहे ते दोघांनाही माहीत असतं.

माझं आणि मॅनेजरचं आता बरं चाललंय. पण बायको अजून त्याचं नाव निघालं की भडकते. असं का?

मला विचाराल तर या सगळ्या यादीतला हाच मुख्य प्रश्न आहे, बाकीचे याच्या आजूबाजूला.

तुमची बायको तुमच्या ऑफिसात कधी गेलेली नाही. तुम्ही तिच्यासाठी एक ऑफिस बांधलंय, तुमच्या तक्रारींच्या विटांनी, आणि ती त्या ऑफिसात राहतेय. भांडण झालं त्या दिवशी तुम्ही तावातावाने सगळं सांगितलंत. त्याच मॅनेजरने पुढे बैठकीत तुमची बाजू घेतली, त्या रात्री तुम्ही आलात आणि झोपलात. भांडणाची बातमी होते, समेटाची होत नाही. तुम्ही त्या माणसाला रोज बघता. तो हसतो, त्याची आई आजारी असते, तो कधीकधी चूक कबूलही करतो. तिच्याकडे फक्त अकरा किस्से आहेत आणि अकराही वाईट. शिवाय तिचा राग तुमच्यासाठी होता. आता तुम्ही सहज म्हणता, "एवढा काही वाईट नाही गं तो," तेव्हा तिला वाटतं, मी इतके दिवस उगाच कुणासाठी भांडत होते?

याची खरी किंमत पुढे मोजावी लागते. उद्या तुम्ही विचाराल, "बदली मागू की इथेच थांबू?" ती त्या अकरा किश्शांवरून उत्तर देईल. उत्तर चुकेल, आणि दोष तिचा नसेल.

म्हणून किश्शाचा पुढचा भाग घरी आणायला शिकावं. मिटलं तर मिटलं म्हणून सांगावं, त्याच संध्याकाळी. आणि सांगताना स्वतःचाही वाटा सांगावा. मी वर्षानुवर्षं माझ्या एका वरिष्ठ बाईंचे किस्से सांगताना स्वतःची वाक्यं शांत सुरात म्हणायचे आणि त्यांची चिरक्या आवाजात. एका समारंभात नवऱ्याची त्यांच्याशी गाठ पडली. दोघं पाच मिनिटं बोलले. घरी येताना तो एवढंच म्हणाला, "आवाज तर किती हळू आहे त्यांचा." मी घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

ऐकणाऱ्यासाठीही एक पथ्य आहे. जोडीदाराची री जरूर ओढावी, पण एक सूर खाली. तो साहेबाला "हट्टी" म्हणत असेल तर आपण "नालायक" म्हणू नये. त्याचा राग उद्या उतरेल, आपला शब्द राहील.

माझं काम इतकं तांत्रिक आहे, की तिला काय सांगणार? तिला कळतच नाही.

"तुला काय कळणार" हे वाक्य फक्त एकदाच म्हणता येतं. त्यानंतर कुणी विचारत नाही.

उलटी चूकही होते: याला सगळं माहीतच आहे, असं धरून चालणं. केनेथ सवित्स्की, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की दोन अर्थ निघतील अशी वाक्यं ओळखायला दिली, तेव्हा नवरा-बायकोला एकमेकांचा रोख अनोळखी माणसांपेक्षा काही जास्त कळला नाही. फक्त आपलं म्हणणं पोचलंय याची खात्री त्यांना जास्त होती. "उद्या जरा उशीर होईल" यातला उशीर माझ्या लेखी अर्धा तास असतो, नवऱ्याच्या लेखी मध्यरात्र. अकरा वर्षं आम्हाला वाटत होतं की आपण एकच शब्द वापरतोय.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी कागद घ्या आणि आपलं ऑफिस काढून दाखवा. कोण कुणाच्या हाताखाली, कोण कुणाशी बोलत नाही, आपल्याकडे काम कुठून येतं आणि इथून कुठे जातं. यंत्राचे भाग कळण्याची गरज नसते. माणसांचे हेवेदावे सगळ्यांनाच कळतात, आणि ऑफिसच्या गोष्टींत नव्वद टक्के तेच असतं.

चांगली बातमी सांगितली तरी थंड प्रतिसाद. मी फार अपेक्षा करतेय का?

नाही. दुःखात साथ देणारे पुष्कळ असतात, बढतीच्या दिवशी माणूस उघडा पडतो. शेली गेबल यांचं २००४ आणि २००६ चं संशोधन नेमकं याच क्षणावर आहे. समजा, तुम्ही म्हणालात, "नवीन प्रोजेक्ट मला दिलाय." एक जोडीदार फोन खाली ठेवून विचारतो, "काय सांगतेस! कुणी सांगितलं? बाकीच्यांचे चेहरे कसे झाले?" दुसरा "अरे वा, छान" म्हणून पुन्हा स्क्रीनकडे. तिसरा लगेच काळजी काढतो, "म्हणजे आता शनिवारीही जावं लागणार?" चौथा म्हणतो, "बरं, गॅसवाल्याला फोन केलास का?" नातं टिकवतो तो पहिला. दुसऱ्याला आपण काही वाईट केलं असं वाटतच नाही, पण त्याचाही हिशेब तिसऱ्या-चौथ्याच्याच रकान्यात जातो. गेबल यांच्या पाहणीत तर नातं पुढे कसं राहील याचा संबंध वाईट बातमीवरच्या प्रतिसादापेक्षा चांगल्या बातमीवरच्या प्रतिसादाशी जास्त दिसला.

शनिवारची काळजी खरी असते, मान्य. ती उद्या काढावी.

तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त झालाय. आता ती ऑफिसबद्दल कमी बोलते. मला वाईट वाटू नये म्हणून असेल का?

असेलच. आणि तुम्हालाही ते कळतंय, म्हणजे आता दोघंही एकमेकांना सांभाळत गप्प आहात. विषय तुम्ही काढायला हवा, कारण तिने काढला तर मिरवल्यासारखं होईल. "तुझ्या टीमचं काय चाललंय?" इतकं साधं. मनात थोडी सल असेल तर तीही बोलून टाकावी. लपवलेली सल टोमण्यातून बाहेर येते आणि टोमणा माफ करायला जास्त वेळ लागतो.

एकाची नोकरी गेली असेल तर मात्र दुसऱ्याने ऑफिसबद्दल बोलणं थांबवू नये. मैत्रिणीच्या नवऱ्याने मला सांगितलं होतं, "घरी बसल्याचं वाईट वाटत नव्हतं तेवढं ही माझ्यासमोर कामाचे फोन बाल्कनीत जाऊन घ्यायची त्याचं वाटायचं." फक्त रोज संध्याकाळी "आज कुठे अर्ज केलास?" विचारू नये. आठवड्यातून एक दिवस ठरवावा आणि तेव्हाच.

आमच्यात रोज "मी जास्त दमले, तू कुठे दमलास" अशी स्पर्धा लागते.

हा वाद ऑफिसचा नाही. जो जास्त दमला त्याला घरकामातून सूट, असा न लिहिलेला करार घरात असतो, म्हणून प्रत्येक जण आपला थकवा पुराव्यासह सादर करतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८९ मध्ये नोकरी करणाऱ्या बायकांच्या घरातल्या कामाला "दुसरी पाळी" म्हटलं आणि हिशेब मांडला, की ऑफिस आणि घर मिळून त्या नवऱ्यांपेक्षा वर्षाला चोवीस तासांचे दिवस धरून जवळजवळ एक महिना जास्त राबतात. कामांची वाटणी कागदावर आणा. ती झाली की थकव्याची गोष्ट पुन्हा नुसती गोष्ट होते आणि ती ऐकताही येते. वाटणी न करता "एकमेकांना समजून घेऊ" म्हटलं, तर समजून घेणारी व्यक्ती कोण असेल ते मी सांगायला नको.

ऑफिसातल्या गोपनीय गोष्टी नवऱ्याला सांगितल्या तर काय होतं? तो काही बाहेर बोलणार नाही.

बोलला नाही तरी होतं. अमेरिकेत २०२४ मध्ये उघड झालेलं एक प्रकरण आहे. एका मोठ्या तेलकंपनीत दुसऱ्या कंपन्या विकत घेण्याच्या व्यवहारांवर काम करणारी एक बाई घरून काम करत होती. नवराही तिथेच काही फुटांवर बसून आपलं काम करायचा. तिचे फोन त्याच्या कानावर पडले, आणि जी कंपनी विकत घेतली जाणार होती तिचे शेअर त्याने तिला न सांगता घेऊन ठेवले. २०२३ च्या फेब्रुवारीत व्यवहार जाहीर झाला, भाव चढला आणि त्याला साडेसतरा लाख डॉलरहून जास्त नफा झाला. पुढे त्याने बायकोला सांगितलं. तिने स्वतःहून आपल्या वरिष्ठांना कळवलं. तिने मुद्दाम माहिती फोडल्याचा पुरावा कंपनीला मिळाला नाही, तरी तिची नोकरी गेली. तिने घटस्फोटाचा अर्ज केला. त्याने गुन्हा कबूल केला.

यात तिने त्याला काही "सांगितलं" नव्हतं, एवढं लक्षात घ्या. घरून काम करणाऱ्यांनी हेडफोन लावला तरी आपलं बोलणं पलीकडे जातंच. दार असलेली खोली, नसेल तर तेवढ्यापुरतं जोडीदाराला बाहेर जायला सांगणं, याला पर्याय नाही.

कुणाचं आजारपण, कुणाचा पगार, कुणाला काढणार आहेत ती यादी, अशा गोष्टींत आणखी एक भाग असतो: त्या आपल्या नसतातच, दुसऱ्याच्या असतात. मग दडपण कसं हलकं करायचं? तपशील न सांगता वजन सांगता येतं. "आज एक अवघड काम करावं लागलं, काय ते सांगता येणार नाही, पण मला बरं वाटत नाहीये." नवरा एवढ्यावर खांदा देऊ शकतो. आणि "सांगता येणार नाही" हे ऐकून "माझ्यापासूनही लपवतेस?" म्हणणाऱ्याला हे आधीच, शांतपणे, समजावून ठेवावं. माझ्या कामात हे दर आठवड्याला होतं. नवरा आता फक्त विचारतो, "बंद पाकीट का?" मी हो म्हणते.

आम्ही दोघं एकाच ऑफिसात आहोत.

मग तुमचा प्रश्न उलटा आहे, बोलायला दुसरं काही शोधा. आणि एकाने ऐकलेली कुजबुज दुसऱ्याने बैठकीत वापरायची नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवा. लोक तुम्हाला दोघांना मिळून एकच माणूस समजतात, तुम्ही कितीही काळजी घेतलीत तरी.

शिफ्ट वेगवेगळ्या आहेत. मी येते तेव्हा तो निघतो.

व्हॉइस मेसेज ठेवा. लिहून पाठवलेल्या तक्रारीत सूर कळत नाही आणि "बरं" हे उत्तर वाचून भांडण होतं. आवाजात दमणूक ऐकू येते. फक्त मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसाला "फोन कर, फार महत्त्वाचं आहे" असं अर्धवट पाठवू नका. मी पाठवलं होतं. महत्त्वाचं म्हणजे मला अप्रेझलमध्ये चांगला शेरा मिळाला होता. तो घाम पुसत बाहेर आला होता.

मुलांसमोर ऑफिसबद्दल बोलावं का?

बोलावं, पण त्यांना काय ऐकू येतं ते माहीत असावं. एलेन गॅलिन्स्की यांनी अमेरिकेतल्या हजाराहून जास्त मुलांना विचारलं होतं, की आईवडिलांच्या नोकरीबद्दल तुमची एक इच्छा पूर्ण होणार असेल तर काय मागाल? आईवडिलांना वाटलं, मुलं जास्त वेळ मागतील. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत मुलांनी सगळ्यात जास्त मागितलं ते हे, की आईबाबा कमी दमलेले आणि कमी वैतागलेले असावेत. वड्याचं तेल वांग्यावर निघतं ते मुलांना आधी कळतं. कधीतरी कामातली मजाही त्यांच्या कानावर पडू द्या. नाहीतर मोठं होणं म्हणजे रोज कुणाचा तरी राग घेऊन घरी येणं, असा त्यांचा समज होतो.

"मी उद्याच राजीनामा देते" असं मी रागात म्हणते. नवरा ते खरं धरून घाबरतो.

घाबरणारच. तुमचं ते वाफ सोडणं असतं, त्याच्या डोक्यात कर्जाचे हप्ते सुरू होतात. तुम्ही झोपता, तो जागा राहतो. असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी तो दुर्लक्ष करतो, आणि पाचव्या वेळी तुम्ही खरंच म्हणत असता.

त्यामुळे नोकरी सोडण्याच्या बोलण्याला पायऱ्या असाव्यात. वैताग म्हणजे वैताग, तो तसाच सांगावा. विचार चालू असेल तर "मी विचार करतेय, अजून काही ठरलं नाही" असं म्हणून आकडे घेऊन बसावं: शिल्लक किती, किती महिने निघतील, नोटीस पिरियड किती. आणि ठरवलं असेल तर पत्र देण्याआधी सांगावं. परवानगीसाठी म्हणत नाही मी. जो माणूस तुमच्या पगारावर अर्धं घर चालवतोय, त्याला तुमच्या ऑफिसच्या आधी कळायला हवं एवढंच.

बदलीचंही तेच. "बदली आली तर जायचं का?" हे बदली येण्याआधी बोलून ठेवलेलं बरं. ऑर्डर हातात असताना दोघांपैकी एकाची नोकरी आधीच मोठी ठरलेली असते.

तो एका सहकारी मुलीचं नाव रोज घेतो. काळजी करावी का?

रोज घेतोय तोवर नको. रोज घ्यायचा आणि अचानक बंद झालं, तर विचारा.

बायकोने ऑफिसात होणाऱ्या त्रासाबद्दल सांगितलं. साधी कटकट नाही, छळच. मी जाऊन बोलू का?

ताबडतोब नको. तिने ते सांगायला किती दिवस घेतले असतील याचा विचार करा. आधी तिला वाटायला हवं, की सांगितल्याने गोष्ट तिच्या हातातून गेली नाही. पूर्ण ऐका, "तू काय केलं होतंस?" असलं काही विचारू नका, आणि तिला काय हवंय ते विचारा. तारीख, वेळ, कोण हजर होतं, मेसेज, हे सगळं लिहून आणि जपून ठेवायला मदत करा. पुढे तक्रार करायची ठरली तर तेच कामाला येतं. तक्रार करायची की नाही हा निर्णय तिचा. तुम्ही रागाने तिच्या साहेबाला फोन केलात तर तुमचं मन हलकं होईल, तिची सोमवारची सकाळ जड होईल.

झोप उडाली, भूक गेली, रविवार दुपारपासूनच पोटात गोळा येतो, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या साचलेल्या ताणाने पार गळून जाण्याची, व्याख्या केली तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं. जोडीदार ऐकू शकतो, तिचं काम बदलू शकत नाही.

हे सगळं नवऱ्याला वाचायला देऊ का?

द्या. फक्त त्याला लागू होणाऱ्या ओळी अधोरेखित करून देऊ नका. मी तसं एकदा केलं होतं. त्याने ते परत केलं तेव्हा त्यात त्याच्याही पेनाच्या रेघा होत्या, माझ्यापेक्षा दुप्पट.